तीन पंजांएवढी जागा

नाबोसाच्या हातात कॉफीच्या दाण्यांची टोपली दिसली की बुलेंगे गावातल्या माणसांचे दात दुखायला लागत. पाहुणा दारात आला की उकडून वाळवलेले दाणे चघळायला पुढे करायचे, ही तिकडची रीत. नाबोसा गुडघे टेकून टोपली पुढे करायची, आणि पाहुणा गालावर हात ठेवून म्हणायचा, आज नको बाई, दाढ ठणकतेय. तोच पाहुणा घटकाभराने तिच्या भावजयीच्या हातचं भाजलेलं कणीस करकरा चावून खायचा. अकरा वर्षांत गावातल्या एकूण एक दाढा अशा ठणकून झाल्या होत्या. शेवटी नाबोसाने टोपली आढ्याला टांगून ठेवली आणि कुणी आलं की ती मागच्या दाराने कॉफीच्या बागेत निघून जाऊ लागली.

तिच्या दोन्ही कोपरांवर, उजव्या गुडघ्यावर आणि दोन्ही तळहातांवर लाल चट्टे होते. चट्ट्यांवर पांढरे पोपडे धरायचे, ते सुटून पडायचे आणि खाली पुन्हा नवे धरायचे. तळहातांना भेगा पडत, कॉफीची लाल फळं तोडताना रस आत जाई आणि डोळ्यांत पाणी येई. बाकी बाई धडधाकट होती. बेचाळीस वर्षांची, उंच, रुंद खांद्यांची, डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चढ चढताना कधी धापा न टाकणारी.

गावाचं म्हणणं काय होतं, ते गाव तिच्या तोंडावर बोलत नसे, पण तिला ते पाठ होतं. नाबोसा मांबा कुळातली. मांबा हा दलदलीच्या चिखलात राहणारा लांबट मासा. इतर कुळांनी तो खुशाल खावा, पण त्या कुळाच्या माणसाने तोंडाला लावायचा नाही. लावला तर अंगावर खवले उठतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि नाबोसाच्या अंगावर खवले उठले होते. आता सांगा, याहून साक्षीपुरावा काय हवा?

वाईट म्हणजे तिचं स्वतःचंही तेच मत होतं. ती सासरी नांदत असताना एकदा बाजारच्या दिवशी एका खानावळीत जेवली होती. शेंगदाण्याच्या दाट रश्शात माशाचा तुकडा होता. कुठला मासा म्हणून तिने विचारलं नाही, भूक लागली होती. महिन्याभरात डाव्या कोपरावर पहिला चट्टा आला. तिने मनाशी गणित मांडलं आणि ते तिथेच मिटवून ठेवलं. पुढे सासू तिच्या हातचं खाईना. उकडलेली केळी पानात गुंडाळून हाताने दाबून मऊ करायची असतात, ते दाबायचं काम जावेकडे गेलं. नवरा वाईट नव्हता, पण तो जेवायला जावेच्या चुलीशी बसू लागला. मूलबाळ नव्हतं. एक दिवस नाबोसाने गाठोडं बांधलं आणि ती भावाच्या आवारात येऊन राहिली. तिला कुणी हाकललं नव्हतं, आणि थांब असंही कुणी म्हणालं नव्हतं.

भावाला सगळे सालोंगो म्हणत, म्हणजे जुळ्यांचा बाप. त्याची बायको नालोंगो, जुळ्यांची आई. जुळ्यांपैकी मुलगा वास्स्वा मसाकाच्या रस्त्यावर मोटारसायकलीवरून माणसांची ने-आण करायचा. मुलगी नाकाटो शाळेत शिक्षिका होती. आणि त्या वर्षी, कॉफीची फळं पिकली होती आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता अशा दिवसांत, नाकाटोने जाहीर केलं की डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कावूमा नावाचा मास्तर आपल्या माणसांना घेऊन क्वांजुलाला येणार.

क्वांजुला म्हणजे मुलीने आपल्या माणसाची घरच्यांना ओळख करून द्यायची. लग्नाचं खरं वजन त्याच दिवसाला. पाहुणे मांडवात येऊन बसतात, नवरामुलगा त्यांच्यात दडून बसतो. मग मुलीची आत्या उठते, सगळ्यांदेखत त्याला शोधून काढते, त्याच्या छातीवर फूल लावते आणि हाताला धरून मानाच्या जागेवर नेऊन बसवते. आत्याने हात धरल्याशिवाय तो जावई नाही. आईला, बापाला, काकाला ते काम करता येत नाही. आणि सालोंगोला सख्खी बहीण एकच होती.

ते बोलणं कॉफी वाळत घालताना निघालं. दोन दिवस उघडीप मिळाली होती, सगळं घर अंगणात ताडपत्रीवर फळं पसरत होतं. नालोंगो खाली बघतच म्हणाली की कंपालाची नांतेझा पण आत्याच लागते, चुलत का होईना. तिला चार माणसांत वावरायची सवय आहे, तिच्याकडे चांगले कपडे आहेत. सालोंगो दाताळ्याने फळं उलटीपालटी करत राहिला. त्याने तेच ते दोन हात अंतर चार वेळा ओढलं.

"नांतेझाच बरी," नाबोसा म्हणाली. "मला त्या दिवशी चुलीकडे काम असेलच."

नाकाटोने हातातली पाटी खाली ठेवली. "म्हणजे माझ्या नवऱ्याला भाड्याची आत्या आणायची?"

नालोंगोने मग मनातलं बोलून टाकलं. ती दुष्ट बाई नव्हती, घाबरट होती. तिचं म्हणणं, पाहुणे उठून गेले तर? या घरात कुळाचा मासा खातात, उद्या पोरीच्या पोटच्यांनाही खवले येतील, असं कुणी बोललं तर? मास्तर चांगला मुलगा आहे, पण त्याच्या मागे चाळीस माणसं आहेत आणि प्रत्येकाला तोंड आहे. हे सगळं वन्संच्या समोर बोलताना तिला बरं वाटत नव्हतं, पण न बोलून चाललं नसतं. नाबोसाला राग आला नाही. तीच भीती तिच्या पोटात आधीपासून बसली होती. नाकाटोचं ठरलेलं लग्न आपल्या हातांमुळे मोडलं तर आपण कुठे तोंड लपवायचं, हे तिला सुचत नव्हतं.

नाकाटो हट्टी होती. तिने चौकशी करून ठेवली होती. मसाकाच्या रस्त्यावरच्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी कातडीचे रोगी तपासतात. गुरुवारी पहाटे तिने आत्याला वास्स्वाच्या मोटारसायकलीवर मध्ये बसवलं, स्वतः मागे बसली, म्हणजे आत्याला उतरून पळायला वाव राहिला नाही.

दवाखान्यात बाकडं एकच होतं. नाबोसाशेजारी एक म्हातारा येऊन बसला आणि तिची नजर त्याच्यावर खिळली. माणूस नखशिखांत भरलेला होता. कपाळ, मान, दंड, पोटऱ्या, जिथे बघावं तिथे लाल आणि त्यावर पांढरे पोपडे. त्याने हात झटकला की मांडीवर भुसा पडे. त्याचं नाव कागिमू. तो ढोल वाजवायचा आणि आल्यापासून एका रोग्याची टोपी, दुसरीची पोर आणि शिपायाची चप्पल यांची चेष्टा करून मोकळा झाला होता.

डॉक्टरबाई तरुण होती. तिने नाबोसाचा पंजा तिच्याच कोपराशी धरून दाखवला. माणसाचा स्वतःचा एक पंजा म्हणजे त्याच्या कातडीचा शंभरावा भाग. तिने मोजलं. कोपरं, गुडघा, तळहात, सगळं मिळून नाबोसाचं तीन पंजांएवढं भरलं. कागिमूचं मोजता मोजता ती दमली, ते चाळीस पंजे झालं.

"चाळीस," कागिमू नाबोसाला म्हणाला. "तुझी बाग लहान आहे पोरी. माझी बघ, जमीनदार आहे मी."

मग डॉक्टरबाईने एक कागद काढला. त्यावर दहा प्रश्न. गेल्या आठवड्यात खाज किती आली, लाज किती वाटली, बाजारात जाणं अडलं का, कपडे झाकायला निवडले का, काम चुकलं का, जवळच्या माणसांशी काही बिनसलं का. दर प्रश्नाला शून्यापासून तीनपर्यंत गुण, जास्त गुण म्हणजे जास्त जाच. खोली एकच असल्याने दोघांना एकापाठोपाठ विचारलं गेलं. नाबोसा खाली मान घालून सांगत गेली. बाजारात जात नाही. लांब बाह्या घालते, उन्हातही. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते. कुणाच्या घरी जेवत नाही. तिचे सव्वीस झाले. कागिमूचे चार झाले, तेही खाजेपायी.

डॉक्टरबाईने दोन्ही कागद शेजारी ठेवले, मग नावं अदलाबदल झाली की काय म्हणून पुन्हा तपासली. नावं बरोबर होती. ती म्हणाली की असं पुष्कळदा होतं. अंगावर किती आहे आणि आयुष्यावर किती आहे, या दोन गोष्टींचा मेळ बसेलच असं नाही. त्यातून तळहातावर असलं की थोडंही भारी पडतं.

नाबोसाला तेव्हा राहवलं नाही. अकरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते तिने बाकड्यावर बसून सांगितलं. खानावळ, रस्सा, मासा. सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की नाकाटोला पुढे वाकावं लागलं.

डॉक्टरबाई काही बोलायच्या आत कागिमूने मांडीवर थाप मारली. "मी अळंबी कुळाचा. माझ्या अंगावर चाळीस पंजे आहे. मी काय अळंब्यांचं शेत खाल्लं?"

बाकड्यावरचे सगळे हसले. हसणाऱ्यांत एक बाई होती, तिच्या मानेवर तसेच चट्टे होते, ती म्हणाली की तिचं कुळ माकडाचं आहे आणि माकड खायची वेळ तिच्यावर अजून आली नाही. नाबोसा बघत राहिली. इतकी साधी गोष्ट तिच्या कधी डोक्यात आली नव्हती, कारण दुसरा चट्टेवाला माणूस तिने कधी पाहिलाच नव्हता. ते सगळे तिच्यासारखे मागच्या दाराने बागेत जात असणार.

डॉक्टरबाईने नीट समजावलं. हा लागणीचा रोग नाही. हात धरून, एका ताटात जेवून, एका अंथरुणात झोपून दुसऱ्याला होत नाही. माशाने होत नाही. इतरांची कातडी महिन्याभरात नवी होते, यांची चार-पाच दिवसांत होते, शरीराला उगीच घाई सुटते. मुळापासून जाणार नाही, पण औषधाने आवरतं. चट्ट्यांना लावायला तिने एक लहान नळी दिली, आणि हातांना सकाळ-संध्याकाळ चोपडायला साध्या व्हॅसलीनचा मोठा डबा घ्यायला सांगितला.

"चार-पाच दिवसांत नवा," कागिमू म्हणाला. "बायकोला सांगितलं पाहिजे. दर आठवड्याला नवा नवरा मिळतो आणि कुरकुर करते."

बाहेर झाडाखाली वास्स्वाची वाट बघताना नाबोसाने कागिमूला विचारलं की त्याला लोकांचं काही वाटत नाही का. म्हाताऱ्याने थट्टा सोडली. तो म्हणाला की पहिली तीन वर्षं तो घराबाहेर पडला नाही. ढोलाला वाळवी लागली. मग एक दिवस तो परसाकडे गेला असताना बायकोने घराला कुलूप घातलं आणि किल्ली घेऊन ती माहेरी गेली. "दोन दिवस बाहेर काढले. बसायला जायचं कुठे, तर चहाच्या दुकानात. माणसं बाकड्यावरून बाजूला सरकली. मला ऐसपैस जागा मिळाली. तेव्हापासून मी ऐसपैस बसतो. खाज येते, थंडीत सांधे धरतात, ते खोटं नाही. पण जागा झकास मिळते."

घरी आल्यावर चुलीवर चहा ठेवताना नाबोसाने नालोंगोला सांगितलं की पोरीची आत्या मीच होणार. मग लगेच धीर सुटून म्हणाली की हातमोजे घालीन.

हातमोज्यांवर सगळ्यांचं एकमत झालं. नाकाटोने बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून कोपरापर्यंतचे पांढरे रेशमी मोजे शोधून आणले. नालोंगोला हायसं वाटलं, शहरातल्या बायका घालतातच म्हणाली. नाबोसाने ते पेटीत घडी करून ठेवले.

पुढचे पाच आठवडे मान वर करायला फुरसत नव्हती. कॉफी तोडायची, उघडीप मिळाली की वाळवायची, ढग दिसले की गोळा करायची. अंगण चोपून काढलं, मांडवाचे खांब रोवले, वाटेवरचं गवत काढलं. नाबोसा दिवसा कुदळ मारी आणि दोन्ही वेळा हात चोपडी. कोपरांवरचे पोपडे गेले, तळहाताच्या भेगा मिटल्या. चट्टे मात्र होते तिथेच होते, लालसर, जरा मऊ. कुदळीचा दांडा धरताना डोळ्यांत पाणी येत नाही, हे तिच्या एके दिवशी दुपारी लक्षात आलं आणि तिने शेजारच्या सरीत आणखी एक तास खणलं.

सालोंगोने त्या दिवसाचा स्वयंपाक शहरातल्या आचाऱ्यांना सांगितला होता. भात, मटण, सोललेली केळी, सगळं ट्रकने यायचं. गावातल्या बायकांनी तोंड वाकडं केलं. अशा दिवशी केळी गावाने सोलायची, गप्पा मारत, पाणउतारे करत, गाणी म्हणत, हेच खरं क्वांजुला. पण सालोंगोला ऐट करायची होती. वेळेला असावेत म्हणून बागेतले केळीचे चाळीस लोंगर त्याने कापून मात्र ठेवले होते.

शनिवारी उजाडता वास्स्वा मोटारसायकलीवरून चिखलाने माखून आला. आचाऱ्यांचा ट्रक दलदलीच्या बांधावर आसापर्यंत रुतला होता. दोन बैल लावले होते, ट्रॅक्टरला निरोप गेला होता, दुपारशिवाय हलायचं लक्षण नव्हतं. पाहुणे अकराला येणार होते.

नालोंगो अंगणाच्या मधोमध नुसती उभी राहिली. मग पदर खोचावा तशी तिने कमरेची ओढणी आवळली आणि घरोघर माणसं पिटाळली. रुसलेल्या बायका सगळ्या आल्या नाहीत, दहाजणी आल्या. केळीची पानं अंथरून त्या बसल्या, सुऱ्या काढल्या आणि कुणीतरी तेल मागितलं. हिरव्या केळीचा चीक वाईट. हाताला तेल लावल्याशिवाय सोलायला बसलं की तो काळा होऊन चिकटतो आणि आठवडाभर निघत नाही, वर कंड सुटते. तेलाचे डबे ट्रकवर होते. घरातलं वाटीभर होतं ते कांदा परतायला गेलं.

नाबोसा तेव्हा लाकडाची मोळी टाकायला आली. गावात कुठेही कार्य असलं की बायका तिला लाकडं आणायला सांगत. लाकडं लागतातच, त्यात अपमान कुणी दाखवून देऊ शकत नव्हतं, आणि प्रत्येक वेळी तीच का, हेही कुणी विचारत नव्हतं. तिने मोळी टाकली, दहा बायका पाहिल्या, चाळीस लोंगर पाहिले. आकाशाकडे पाहिलं. आपल्या खोलीत जाऊन ती सुरी आणि व्हॅसलीनचा डबा घेऊन आली, रिकाम्या पानावर बसली, हात कोपरापर्यंत चोपडले आणि पहिला लोंगर पुढे ओढला.

सुऱ्या जरा मंदावल्या. नाबोसाचे हात चालले. लग्नाआधी सोलण्यात तिचा हात धरणारी गावात कुणी नव्हती, आणि हाताला ते आठवलं. सुरी एकदा उभी, अंगठा आत, साल एका झटक्यात बाजूला. तिचा ढीग वाढायला लागला. शेजारच्या बाईने तीन केळी सोलली तेव्हा हिची सात झाली होती. पलीकडे नालोंगो चिकाने माखलेले हात गवताला पुसत होती. खाजवून तिची मनगटं लाल झाली होती. तिने उघड्या डब्याकडे पाहिलं. डब्यात नाबोसाच्या बोटांचे खोल ओरखडे दिसत होते. तिने पुन्हा मनगट खाजवलं, आणि उरलेल्या लोंगरांवर नजर टाकली.

"वन्सं," ती म्हणाली, "तो डबा इकडे सरकवा."

नाबोसाने सरकवला. नालोंगोने तीन बोटं आत घातली, चांगला लिंबाएवढा गोळा काढला आणि तळव्यांना चोळला. मग डबा शेजारणीकडे, तिच्याकडून पुढे. पानांवरून फिरून तो पुसून काढल्यासारखा रिकामा परत आला. नाबोसाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हात बरबटलेले, त्यामुळे पुसता येईना. ती तशीच सोलत राहिली. कुणीतरी गाणं सुरू केलं. कुणीतरी म्हणालं की हिने एवढी वर्षं लाकडं वाहिली आणि आम्ही चांगल्या सोलणारणीला मुकलो, आमचंच नुकसान झालं.

नालोंगो सरकत सरकत तिच्या पानावर आली. "मीच तुम्हाला लाकडाला पाठवायची," ती हळू आवाजात म्हणाली. "राग असेल तुमच्या मनात."

"होता."

"अजून आहे?"

"केळी सोला वहिनी. पाहुणे येतील."

साडेदहाला शेवटचा लोंगर संपला. व्हॅसलीन सगळ्यांना पुरलं नव्हतंच, चीक काळा पडून प्रत्येकीच्या बोटांना चिकटला होता. साबणाने जेवढा निघाला तेवढा निघाला. नाबोसाने चमकदार पिवळी गोमेसी, कार्याला घालायचा पायघोळ पोशाख, अंगात चढवली, तिचे टोकदार खांदे सारखे केले, रुंद पट्टा कमरेला बांधला. नाकाटोने पेटीतून मोजे काढले. उजवा मोजा बोटांवरच अडला. चिकाने कापड धरून ठेवलं, ओढलं तसं ते आणखी चिकटलं आणि टराटरा फाटलं. डाव्याची तीच गत झाली. मांडवात ढोल सुरू झाला होता.

"आत्या, रुमाल गुंडाळायचा का?"

नाबोसाने आपले हात उलटसुलट करून पाहिले. लाल चट्टे, काळा चीक, नखांत केळीच्या साली. मागचं दार उघडं होतं आणि बाग दिसत होती. "नको," ती म्हणाली. "चल, तू तुझी तयार हो."

मांडवात चाळीस पाहुणे एका बाजूला, गाव दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडचे बोलके पुरुष, म्हणजे आपल्या बाजूने बोलायला नेमलेली माणसं, उभे राहून एकमेकांची खेचत होते. गावाकडच्या माणसाने पाहुण्यांना विचारलं की तुम्ही वाट चुकून आलात की जेवणाच्या वासाने आलात. मग आत्याला बोलावणं झालं. सालोंगोने मान खाली घातली होती, त्याला बघवत नव्हतं.

नाबोसा उभ्या अंगणातून चालत गेली. सगळ्या नजरा तिच्या तोंडावरून हातांवर उतरल्या, तिला ते ऊन लागावं तसं जाणवलं. ती पाहुण्यांपुढे गुडघ्यांवर बसली, त्यांचं क्षेमकुशल विचारलं, उठली आणि रांगांमध्ये शोधू लागली. लबाडांनी कावूमाला तिसऱ्या रांगेत दोन जाडजूड काकांच्या मध्ये कोंबला होता. काकांपैकी एकाचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं आणि त्याचे ओठ मिटले. तिने फूल काढलं. कावूमाच्या सदऱ्याला टाचणी लावताना तिच्या उघड्या तळहाताची चार बोटं त्याच्या हनुवटीशी होती. मग तिने हात पुढे केला आणि थांबली. आता यापुढे तिच्या हातात काही नव्हतं.

कावूमाने हाताकडे पाहिलं. तो घामाने निथळत होता, ओठ पांढरे पडले होते. त्याने तिचा हात पकडला, एका हाताने नाही, दोन्ही हातांनी, बुडता माणूस ओंडका पकडतो तसा. तेव्हा नाबोसाला कळलं की पोरगा थरथर कापतोय. तिने त्याला काकांच्या मधून उपसून काढलं, रांगेतून बाहेर आणलं, सगळ्या गावादेखत अंगण ओलांडून मानाच्या जागेपाशी नेलं आणि बसवलं. बायकांनी आनंदाने किलकाऱ्या दिल्या, त्यात नालोंगोची सगळ्यांत लांब होती.

आता हात सोडायचा. नाबोसाने सोडला, पण कावूमाने सोडला नाही. त्याने घट्ट धरून ठेवला होता. ती उभी, तो बसलेला, आणि मधे हात. पाहुण्यांचा बोलका पुरुष पुढे आला, त्याने निरखून पाहिलं आणि गळा साफ केला.

"मास्तर, मुलगी आत आहे. ही आत्या. आत्याला घरी ठेवायचं असतं."

मांडवात हशा पिकला. सालोंगो हसता हसता डोळे पुसत होता. ओठ मिटलेला जाडा काकाही हसत होता, त्याची खुर्ची कुरकुरत होती. कावूमा पार ओशाळला, तरी त्याची बोटं सुटेनात.

"आत्या, जरा थांबा ना," तो कुजबुजला. "सगळे बघतायत."

"बघू दे," नाबोसा म्हणाली. "बघण्याने काही होत नाही." आणि त्याचा कापणारा हात शांत होईपर्यंत ती सगळ्यांसमोर तशीच उभी राहिली.